मरळीसाठी मे महिन्याचा एक दिवस: दोघं, एक होडी आणि बेशरमीची कड

होडीतून मरळ धरायची असेल तर सगळ्यात आधी सोबतीला कोण येणार ते ठरवा. काठी कोणती, रील कोणतं, रबरी बेडूक कोणत्या रंगाचा, हे सगळं त्यानंतर. होडीत दोघं असतात. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात वल्हं. मासा काठीवाल्याच्या हातात दिसतो आणि फोटोही त्याचाच निघतो, पण बीड-परभणीकडच्या तलावांवर इतके उन्हाळे काढल्यावर माझी खात्री झाली आहे की मरळ धरतो तो वल्ह्यावरचा. होडी कडेपासून किती लांब ठेवायची, आवाज न करता ती कशी सरकवायची, वाऱ्याने तोंड फिरलं तर कसं सावरायचं, हे ज्याला जमतं त्याच्यासोबत नवखा माणूसही मासा घेऊन येतो. उलट असेल तर महागडी काठी घेतलेला माणूसही सकाळभर पाणी बडवून परत येतो.

यूट्यूबवर युरोपातले लोक होडीतून पाईक नावाचा मासा धरताना बघून बरीच तरुण पोरं विचारतात, हा आपल्याकडे कुठं मिळेल? मिळणार नाही. तो युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड पाण्याचा मासा आहे. तिकडचे जाणते लोकसुद्धा ऐन उन्हाळ्यात पाणी तापलं की पाईकच्या वाटेला जात नाहीत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला पाईक सोडून दिला तरी बऱ्याचदा वाचत नाही. पण त्या व्हिडिओत जे आवडतं, म्हणजे गवताच्या कडेला दबा धरून बसलेला शिकारी मासा आणि पाणी फोडून त्याने मारलेली झडप, ते सगळं आपल्या मरळीत आहे. शिवाय मरळीला आपला उन्हाळा सोसतो. म्हणून हा लेख मरळीचा आहे आणि मे महिन्याचा आहे.

मरळीचा श्वास

मरळ ओळखायला सोपी. अंग लांबट आणि गोल, पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत, डोकं वरून सापासारखं चपटं. आपल्या धरणांत अर्धा ते दोन किलोची सहज दिसते, क्वचित त्याहून मोठी. काटे कमी आणि मांस घट्ट, म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला आवर्जून खाऊ घालतात. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू बोलणारे तिला कोर्रमीनू म्हणतात आणि तेलंगणाने २०१६ मध्ये तिला राज्यमासा केलं. महाराष्ट्राचा मान २०२३ मध्ये पापलेटला मिळाला. पापलेट मलाही आवडतो, पण समुद्र न पाहिलेल्या आमच्या गावांत माशाचा राजा कोण असं विचारलं, तर उत्तर मरळ हेच येईल.

आता कामाची गोष्ट. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. पाण्यावर तोंड काढून ती त्या पोकळीत हवा भरून घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या, जाळ्यात अडकून खालीच राहिलेली मरळ पाण्यात असूनही गुदमरून मरते, आणि बाजारात तीच मरळ ओल्या पोत्यात तासन्‌तास जिवंत राहते, ती याच कारणाने. उन्हाळ्यात धरण आटलं, पाणी तापलं, त्यातला प्राणवायू कमी झाला की इतर मासे खोल पाण्यात सुस्तावतात. मरळ मात्र उथळ कडेलाच राहते आणि काही काही मिनिटांनी वर येऊन श्वास घेते. तो श्वास दिसतो आणि ऐकूही येतो. उन्हाळ्यातली सगळी शिकार या एका गोष्टीवर उभी आहे: पाणी झोडपत बसायचं नाही, श्वास शोधायचा.

आधी परवानगी

धरण सरकारचं असलं तरी त्यातल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. संस्थेची माणसं मत्स्यबीज सोडतात, राखण करतात, त्यावर त्यांची घरं चालतात. त्यामुळे आदल्या आठवड्यात काठावर जाऊन त्यांच्यापैकी कुणाला तरी भेटा. 'मामा, आम्ही दोघं गळ टाकायला येऊ का, होडी मिळेल का, किती द्यायचे' असं सरळ विचारा. मला आजवर फार थोड्या ठिकाणी नकार मिळाला. होडीचं भाडं वेगळं आणि ठेवलेल्या माशाचे वजनावर पैसे वेगळे, हे आधीच बोलून घ्या म्हणजे संध्याकाळी काठावर कटकट होत नाही. त्यांनी जाळी कुठं लावली आहेत हेही तेव्हाच विचारा.

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, मात्र असं परस्पर जाऊ नका. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याचे नियम चालतात. कुठल्याही धरणावर भिंत, दरवाजे आणि कालव्याचं तोंड यांच्या आसपास होडी न्यायची नाही. आम्ही जातो ते माजलगाव धरणावर, सिंदफणा नदीवर. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी १३२ किलोमीटरचा प्रवास करून इथं उतरतं. मे महिन्यात पाणी मागे हटलं की बुडालेल्या बाभळीची खोडं आणि बेशरमीच्या झुडपांची दाट रांग कडेने उघडी पडते. तुमच्या जवळ येलदरी असेल, सिद्धेश्वर असेल, मांजरा असेल किंवा नुसता गावतलाव असेल. बेशरम, पाणकणीस, जलपर्णी आणि गुडघा-मांडीभर पाणी एकत्र सापडलं की जागा मरळीची.

होडी आणि सामान

थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे छोट्या तराफ्यावर, जाऊ नका. मच्छीमार त्यावर जन्म काढतात, त्यांचा तोल वेगळा. तुम्ही त्यावरून काठी फेकली की चप्पू फिरतो, आणि झुंजणारा मासा आला की कलंडतो. बारा ते चौदा फुटांची सपाट तळाची फायबरची होडी दोघांना पुरे. घेण्याआधी तिच्यात पाणी ओतून बघा, गळत नाही ना. आत एक डबा ठेवाच, पाणी उपसायला. वल्ही दोन घ्या, एक कामाला आणि एक बांधून ठेवायला. नांगर म्हणून सिमेंटच्या पोत्यात दहा किलोचे दगड भरून वीस फूट दोरी बांधली की काम भागतं. दोर ओढून सुटेल अशी गाठ मारा.

लाइफ जॅकेट दोघांनी घालायचं, बसायचं नाही त्यावर. पोहता येतं म्हणून लोक टाळतात. बेशरमीच्या मुळ्यांत किंवा जुन्या तंगुसात पाय अडकला की पोहणं कामाचं राहत नाही.

होडीच्या ज्या काठावर वल्हं टेकतं तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. फायबरवर लाकूड आपटल्याचा 'टक' आवाज पाण्यातून लांबवर जातो आणि त्या टप्प्यातली मरळ पुढची पंधरा मिनिटं गप्प होते. हे साधं काम मी पहिली काही वर्षं केलं नव्हतं, आणि त्या वर्षांत किती मासे नुसत्या आवाजाने घालवले असतील याची आता हळहळ वाटते.

काठी साडेसहा ते सात फुटांची, ताठ घ्या. लवचीक काठीने मरळ गवतातून बाहेर येत नाही. लाइन, म्हणजे दोरी, ब्रेडेड (विणलेली), चाळीस-पन्नास पौंडांची. साधा तंगूस ताणला की लांबतो आणि गळ तोंडात रुतत नाही. पाईकसाठी तिकडे दोरीच्या टोकाला तारेचा तुकडा जोडतात, कारण त्याचे दात दोरी कापतात. मरळीला तारेची गरज नाही, ब्रेडच थेट बांधा. गाठ पालोमर, म्हणजे दोरी दुमडून मारायची. ओली करून घट्ट ओढा आणि दर तासाला गाठीजवळची चार बोटं दोरी चाचपून बघा. खरखरीत लागलं की कापून नवी गाठ मारा.

आमिष म्हणजे पोकळ रबरी बेडूक, ज्याला सगळे फ्रॉगच म्हणतात. पाच सेंटिमीटरच्या आसपासचा, दहा-बारा ग्रॅमचा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो गवतातून अडकल्याशिवाय येतो. मरळीने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे होतात. रंगाचा फार विचार करू नका. सकाळी अंधारात काळा, उजाडल्यावर हिरवा किंवा तपकिरी, एवढं पुरे. जुने लोक जिवंत बेडूक गळाला लावायचे. ते करू नका. बेडूक शेतातली कीड खातो, आणि तंगड्यांच्या व्यापारापायी त्याची इतकी धरपकड झाली की १९८७ मध्ये देशाला ती निर्यात बंद करावी लागली. रबरी बेडकाने मासा कमी मिळतो असा माझा अनुभव अजिबात नाही.

पक्कड लांब नाकाची. तिनेच घरून निघण्याआधी प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चेपून टाका. मासा सोडायला सोपं आणि माणसाच्या बोटात घुसला तरी सहज निघतो. माझ्या मित्राच्या अंगठ्यात एकदा न चेपलेला गळ काट्यासकट गेला. ओढायला गेलो असतो तर मांस फाटलं असतं. दोरी कापली, गळ तसाच ठेवून रुमाल बांधला आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून काढून घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. त्या दिवसापासून न चेपलेला गळ आमच्या डब्यात राहत नाही.

पाणी माणशी चार लिटर. मीठ-साखर-लिंबाचं सरबत किंवा ओआरएस वेगळं. भाकरी, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, उपरणं आणि पोलराइज्ड गॉगल. गॉगल चैनीची वस्तू नाही, पाण्यावरची चकाकी कापून खालचं गवत आणि माशाची सावली तोच दाखवतो.

पहाटे पाण्यावर

मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. तुम्ही सव्वापाचला होडीत बसलेले असायला हवं. चांगली शिकार दोन-अडीच तासांची असते, फार तर नऊपर्यंत. सामान होडीत भरताना आपटू नका, बॅटरी पाण्यावर मारू नका.

बसायची पद्धत ठरलेली. काठीवाला नाकाकडे, वल्ह्यावरचा मागे, दोघांची तोंडं पुढे. एका वेळी एकानेच उभं राहायचं, दुसरा बसलेला. जागा बदलायची तर होडी काठाला लावून. दर अर्ध्या तासाने काम बदला, मासा मिळाला तर लगेच बदला. हा नियम आधी ठरवलेला बरा. चांगल्या मित्रांतही 'अजून एकच फेकतो' म्हणता म्हणता सकाळ एकट्याच्या वाट्याला जाते.

वाऱ्याकडे बघा. पहाटे झुळूक अगदी हलकी असते. ज्या कडेवर शिकार करायची तिच्या वाऱ्याकडच्या टोकाला आधी लांबून, मधल्या पाण्यातून जा. मग होडी कडेला समांतर लावा आणि वाऱ्यालाच तिला नेऊ द्या. कडेपासून अंतर बारा ते पंधरा मीटर. वल्ह्यावरच्याने वल्हं कडेच्या उलट्या बाजूला ठेवायचं आणि शक्यतो पाण्याबाहेर काढायचंच नाही. आतल्या आत पातं वळवून, रवीने ताक हलवावं तसं, होडीचं तोंड सरळ ठेवायचं. वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाजही पहाटेच्या शांततेत ऐकू येतो, इतकं पाणी स्तब्ध असतं. सूर्य वर आला की तुमची सावली कडेवर पडत नाही ना, ते बघत राहा. पडत असेल तर त्या कडेवर संध्याकाळी या.

बोलायचं नाही. दिशा सांगायला आम्ही घड्याळ वापरतो. होडीचं नाक म्हणजे बारा. 'दहा' म्हटलं की डावीकडे पुढे बघायचं. बोट दाखवायला हात उंचावला तर बगळा उडतो, बगळा उडाला की कडेचं सगळं सावध होतं.

मरळीचा श्वास पहिल्यांदा ओळखता येत नाही, म्हणून नीट सांगतो. छोटे मासे पाण्यावर येतात तेव्हा 'टिप' असा आवाज आणि लहानसं वर्तुळ. चिलापी (तिलापिया मासा) उसळी मारते तेव्हा 'छप' आणि शिंतोडे. मरळ श्वास घेते तेव्हा ओठ मिटल्यासारखा एक जाड, ओलसर 'चप्प' आवाज होतो. शिंतोडा उडत नाही. पाणी फुगून बसतं, एक रुंद वर्तुळ सरकतं आणि त्यात दोन-चार बुडबुडे उरतात. बुडबुडे जिकडे ओळीने निघतील तिकडे ती गेली. हे वल्ह्यावरच्याला आधी दिसतं, कारण काठीवाल्याची नजर फ्रॉगवर खिळलेली असते. म्हणून वल्ह्यावर बसला आहात तर फ्रॉगकडे बघू नका, कडेकडे बघा. निम्मी शिकार तुमच्या डोळ्यांनी होणार आहे.

फेक आणि झडप

श्वास दिसला की लगेच त्याच्या डोक्यावर फेकायचं नाही. मनात वीसपर्यंत मोजा. मग जिथं दिसला त्याच्या दीड-दोन मीटर पलीकडे, बेशरमीच्या पानांवर फ्रॉग टाका. पाण्यात नाही, पानांवर. मग काठीच्या टोकाने हलकेच ओढा, म्हणजे तो पानावरून घसरून पाण्यात उतरेल. खरा बेडूक तसाच उतरतो. पाण्यात पडला की थांबा. वर्तुळं विरेपर्यंत थांबा. नवशिके इथंच घाई करतात. मग दोन छोटे झटके, पुन्हा थांबा. मोकळ्या पाण्याचा पट्टा आला की संथ, एकसारखं आणा.

मागच्या मे मधली गोष्ट. काठी माझ्याकडे होती. मित्राने वल्ह्याच्या दांड्यावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि अगदी हळू म्हणाला, "दहा. कुठं बघायलास लका, दहाला!" बेशरमीच्या दोन झुडपांमध्ये ताटाएवढी मोकळी जागा होती, त्यात तीन बुडबुडे. मी वीस मोजले. फ्रॉग पानावर पडला, घसरला, थांबला. पानाच्या सावलीत पाणी किंचित फुगलं, जणू खालून कुणी पाठ टेकवली. फ्रॉग तसाच तरंगत होता. मित्र श्वाससुद्धा घेईना. मी टोक एवढंसं हलवलं आणि पाणी फुटलं. असा आवाज की विहिरीत दगड पडावा.

आता सगळ्यात अवघड काम: झडप झाली की काठी ओढायची नाही. मरळ फ्रॉगबरोबर पाणी आणि गवतही तोंडात घेते, मग तोंड मिटून खाली वळते. ती वळण्याआधी ओढलं तर फ्रॉग रिकामा उडून तोंडावर येतो. मोजायचं: एक मरळ, दोन मरळ. दोरी सरकताना दिसली की ढील गुंडाळा आणि काठी जोरात वर. झडप चुकली आणि फ्रॉग तरंगत राहिला तर तो हलवू नका. दहा-पंधरा सेकंद पडू द्या, मग एक झटका. मरळ बहुतेक वेळा परत येते.

गळ रुतला त्या क्षणी काम वल्ह्यावरच्याचं. त्याने दोन जोरकस उलटी वल्ही मारून होडी मोकळ्या पाण्याकडे मागे घ्यायची. आता आवाजाची पर्वा नाही. काठीवाल्याने टोक उंच ठेवून रील फिरवत राहायचं, ढील द्यायची नाही. मरळीला पहिल्या तीन-चार सेकंदांत बेशरमीच्या बुंध्याला वेढा घालू दिला की मासाही जातो आणि दोरीही. त्या दिवशी मित्राने होडी अशी मागे खेचली की मी तोल जाऊन बसलो, पण मासा मोकळ्यात आला. दीड किलोच्या वरची होती. काठी मी धरली होती, तरी ती मरळ मित्राची, असं मी त्याला तेव्हाच सांगितलं.

हातात आल्यावर

आधी हात पाण्यात बुडवा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेल्या माशाला तिथं बुरशी लागते. तापलेल्या फायबरवर मासा टाकू नका, खाली ओलं पोतं अंथरून ठेवा. मरळीच्या तोंडात बोट घालायचं नाही. दात बारीक असले तरी करवतीसारखे. पकडीने गळ ज्या दिशेने गेला त्याच्या उलट ढकला, काटा चेपलेला असला की लगेच निघतो. सोडताना तिला पाण्याच्या वरच्या थरात आडवी धरा म्हणजे तोंड वर काढून हवा घेता येईल. एक घोट घेतला की ती स्वतःच हात झटकून जाते.

किती ठेवायचे? आम्ही दोघांत मिळून दोनच ठेवतो, पाऊण ते सव्वा किलोच्या मधले. लहान परत, आणि फार मोठीही परत. मृग लागला, पाणी वाढलं की याच मोठ्या मरळी वीण करणार आहेत.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. कधी कधी उथळ पाण्यात ताटाएवढ्या जागेत रिमझिम पडल्यासारखं पाणी थरथरताना दिसतं. जवळ जाऊन बघितलं तर लालसर-नारिंगी पिल्लांचा गोळा श्वास घ्यायला वर येत असतो. त्याच्याखाली त्यांचे आईबाप असतात. मरळ पिल्लांची राखण करते आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते, म्हणून तिथं फ्रॉग टाकला तर झडप हमखास मिळते. टाकू नका. आईबाप गेले की चिलापी आणि पाणकावळे तो गोळा संपवतात. एक मासा धरण्यासाठी शेकडो घालवायचे, असा तो व्यवहार आहे. होडी मागे घ्या आणि पुढच्या कडेला जा.

दुपार

दहाच्या आत पाण्याबाहेर. बेचाळीस अंशांत, वरून ऊन आणि खालून पाण्याची झळ घेत बसण्यात शहाणपण नाही. काठावर लिंबाची सावली गाठा, भाकर खा, झोपा. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पाणी प्या. सोबत्याकडे लक्ष ठेवा. घाम येणं थांबलं, अंग तापलं, तो असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, उपरणं भिजवून अंगावर टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

मासे ओल्या पोत्यात, सावलीत ठेवा आणि पोतं वाळू देऊ नका. मरळ संध्याकाळपर्यंत जिवंत राहते.

संध्याकाळ आणि वळीव

साडेचार-पाचनंतर पुन्हा निघता येतं. जलपर्णीच्या सावलीत दिवसभर दबलेली मरळ आता बाहेरच्या कडेला सरकते. मेच्या उत्तरार्धात मात्र आभाळ बघितल्याशिवाय होडी सोडू नका. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. मोकळ्या पाण्यात होडीतला माणूस हा सगळ्यात उंच बिंदू असतो आणि त्याच्या हातातली कार्बनची काठी वीज वाहून नेते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये असू द्या, ते जवळपास पडणाऱ्या विजेचा इशारा देतं. ॲप नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवा आणि काठ गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर जायचं नाही. एकट्या झाडाखालीही थांबायचं नाही, गाडीत किंवा पक्क्या घरात बसा.

वळिवाची खूण अशी: दिवसभराचा वारा एकदम पडतो, अंगाला चिकट उकाडा जाणवतो, पक्षी गप्प होतात आणि क्षितिजावर धुळीचा तांबूस पट्टा दिसतो. त्यानंतर हातात दहा-पंधरा मिनिटं असतात. एकदा आम्ही तो पट्टा बघूनही थांबलो, कारण एक मोठी मरळ दोनदा चुकली होती. वारा आला तेव्हा आम्ही काठापासून जेमतेम दोनशे मीटर होतो आणि ते दोनशे मीटर कापायला पाऊण तास लागला. लाटा आडव्या येऊन होडीत पाणी भरत होतं. मित्र वल्हवत होता, मी डब्याने उपसत होतो. तो फक्त एवढंच म्हणत होता, "नाक वाऱ्याकडं धर, आडवं होऊ दिऊ नको." तेच करायचं असतं. होडीचं नाक वाऱ्याकडे, दोघंही खाली तळाला बसलेले, आणि समोरचाच काठ गाठण्याचा हट्ट सोडून वारा नेईल त्या जवळच्या काठाला हळूहळू तिरकं जायचं. आम्ही गाडीपासून दीड किलोमीटर लांब चिखलात उतरलो आणि चालत आलो.

निघताना

होडी धुऊन, उलटी करून द्या. गळाला आलेलं जुनं तंगूस पाण्यात परत फेकू नका, पिशवीत भरून आणा. पाणकोंबड्या आणि कासवं त्यात अडकतात. रील गोड्या पाण्यात वापरलं असलं तरी धूळ फार असते, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. मासे संस्थेच्या माणसासमोर तोला, ठरलेले पैसे द्या आणि कुठं किती श्वास दिसले, पिल्लांचा गोळा कुठं होता, हे त्याला सांगा. तिथं तो चार दिवस जाळं टाकत नाही, निदान आमच्याकडचा तरी टाकत नाही.

घरी मरळ कापताना आधी राख लावा, नाहीतर हातातून निसटते. आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा होतो, वाटण खोबरं-कांदा भाजून, आंबटपणाला चिंच, आणि सोबत ज्वारीची भाकरी. वाढताना मधला जाड तुकडा त्या दिवशी ज्याने जास्त वेळ वल्हं मारलं त्याच्या ताटात.